आधी देहाबाहेर, मग देहात
(प्रस्तावना)

कार्बन नॅनोट्यूबची वर्तमानपत्रातली ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकते: कर्करोगाची पेशी शोधून तिच्यावरच औषध सोडणारी सूक्ष्म नळी. थोड्याफार फरकानं हे वाक्य गेली वीस वर्षं छापून येत आहे. एवढ्या काळात अशी नळी असलेलं एकही इंजेक्शन किंवा एकही गोळी रुग्णाला देण्यासाठी मंजूर झालेली नाही. तरीही या नळ्या दवाखान्यात पोचल्या आहेत. त्या रुग्णाच्या शिरेतून गेल्या नाहीत, एक्स-रे यंत्राच्या आत बसून गेल्या. या पुस्तकाचा विषय या दोन गोष्टींमधलं अंतर हा आहे. प्रस्तावनेत मला म्हणायचं आहे ते इतकंच, की या पदार्थाचा वैद्यकाला उपयोग आधी देहाबाहेर होईल, मग देहात. आणि आपल्या भागातल्या माणसानं त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही.

आपला भाग म्हणजे मुरुड आणि भोवतालची गावं. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावातून मुलं पूर्वेला जातात आणि गाठीचे रुग्ण पश्चिमेला. पूर्वेला लातूर. तिथं अकरावी-बारावीची शिकवणी, ‘नीट’ची तयारी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. पश्चिमेला बार्शी, तिथं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय. ‘बार्शीला नेलंय’ असं कुणी हळू आवाजात सांगितलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. हे पुस्तक लिहिताना समोर हे दोन्ही वाचक होते: जीवशास्त्राचं पुस्तक पाठ केलेला विद्यार्थी, आणि रिपोर्टची फाईल पिशवीत घालून एसटीची वाट पाहणारा रुग्णाचा भाऊ. पहिल्याला ही नळी काय आहे ते कळावं, दुसऱ्याला तिच्याकडून आज काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते कळावं.

तर नळी म्हणजे काय? पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं. त्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पातळ थरांत मांडलेले असतात. असा एक थर चटईसारखा गुंडाळून कडा जोडल्या, की कार्बन नॅनोट्यूब होते. एकाच थराची नळी साधारण 1 नॅनोमीटर जाडीची असते. माणसाचा केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. एकात एक अशा अनेक नळ्या बसल्या तर ती बहुभित्ती नळी, आणि तिची जाडी दहा नॅनोमीटरच्या काही पटींपर्यंत जाते. लांबी मात्र जाडीच्या हजारो पट असू शकते. बारीक असणं आणि लांब असणं या दोन गोष्टी या पदार्थात एकत्र येतात. त्याचे बहुतेक गुण त्यातून निघतात आणि बहुतेक धोकेही त्यातूनच.

एकभित्ती नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, आत दडलेलं काहीच नसतं. गणितानं हिशेब केला तर अशा 1 ग्रॅम नळ्यांचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे 1,315 चौरस मीटर भरतो, म्हणजे 13 गुंठे. चिमूटभर काळ्या भुकटीत 13 गुंठे जागा आहे म्हटल्यावर तिच्यावर औषधाचे रेणू चढवण्याची कल्पना सुचली नसती तरच नवल.

शोधाचं श्रेय सहसा जपानच्या सुमिओ इजिमा यांना दिलं जातं. एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी 1991मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या नळ्यांची रचना मांडली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. मात्र रशियातल्या रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी 1952मध्येच कार्बनच्या पोकळ तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं प्रसिद्ध केली होती, आणि 1976मध्ये ओबर्लिन, एंदो व कोयामा यांनीही असे तंतू दाखवले होते. 1993मध्ये एकभित्ती नळी सापडली, तीही जपान आणि अमेरिकेत एकाच वर्षी. त्याही आधीचा एक धागा दख्खनपर्यंत येतो. 2006मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीच्या पोलादात अशा नळ्या आढळल्याचं प्रसिद्ध केलं. या तलवारींसाठी लागणारं वूट्झ पोलाद हिंदुस्थानातून जात असे, आणि नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे त्याचं नावाजलेलं ठिकाण होतं. भट्टीवरच्या कारागिराला आपण काय घडवतो आहोत ते दिसत नव्हतं, आणि दिसायची गरजही नव्हती. तलवारीला धार आली की त्याचं काम झालं. औषधाचं तसं नाही. औषधात काय आहे, किती आहे आणि पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हे आधी दिसावं लागतं.

नळ्या बनवायच्या मुख्य पद्धती तीन: दोन कार्बन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवणं, ग्रॅफाइटवर लेझर मारणं, आणि कार्बनयुक्त वायू तापलेल्या भट्टीतून लोखंड, निकेल किंवा कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवरून नेणं. तिसरी पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईच्या आयआयटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्रोलियमच्या वायूंऐवजी कापूर वापरून नळ्या वाढवल्या. मुकुल कुमार यांनी पुढे जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्यासोबत हेच काम नेटानं केलं. कापराच्या रेणूत कार्बनचे 10 अणू असतात, तो सहज वायुरूप होतो आणि झाडापासून मिळतो. शेरॉन यांच्या गटानं वनस्पतींची तेलं आणि तंतूही वापरून पाहिले. डॉ. माधुरी शेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातल्या नॅनो आणि बायोनॅनो तंत्रज्ञान केंद्रात कार्बनच्या अशा सूक्ष्म रूपांचा जीवशास्त्राशी मेळ घालण्याचं काम झालं. मुरुडच्या विद्यार्थ्याला हे संशोधन पाहायला परदेशी जायची गरज नव्हती. सोलापूरची एसटी पुरेशी होती.

भट्टीतून निघालेली काजळी मात्र तशीच औषधाला चालत नाही. तिच्यात उत्प्रेरक म्हणून टाकलेले लोखंड-निकेलचे कण उरतात, नळी न झालेला कार्बन असतो, आणि नळ्या कमी-जास्त लांबीच्या, एकमेकींना चिकटून गुंता झालेल्या असतात. त्या पाण्यात मिसळत नाहीत. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत उकळून त्या स्वच्छ कराव्या लागतात. त्यात नळ्या आखूड होतात आणि त्यांच्या टोकांवर, भेगांवर ऑक्सिजन असलेले गट येतात. त्या गटांना मग पॉलिथिलीन ग्लायकोलसारखी पाण्याशी जमवून घेणारी साखळी जोडता येते. ‘कार्बन नॅनोट्यूब’ हे नाव वाचताना म्हणूनच सावध राहायला हवं. एका प्रयोगातली नळी दुसऱ्या प्रयोगातल्या नळीसारखी असेलच असं नाही. लांबी वेगळी, भिंती वेगळ्या, धातू वेगळा, वरचं आवरण वेगळं. एका नळीनं उंदीर बरा झाला आणि दुसरीनं आजारी पडला, या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

देहात नळी नेण्याच्या प्रयत्नांची कहाणी 2004च्या सुमारास रंगात आली. स्ट्रासबर्गचे अल्बर्टो बियांको, त्रिएस्तचे मॉरित्सिओ प्रातो आणि लंडनचे कोस्टास कोस्टारेलोस यांच्या गटांनी वर आवरण जोडलेल्या नळ्या पेशीच्या पडद्यातून आत जातात, सोबत प्रथिनांचे तुकडे आणि डीएनएही नेतात, असं दाखवलं. स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाय यांच्या गटानं 2005मध्ये नळीचा दुसरा गुण वापरला. आपल्या मांसातून आणि रक्तातून आरपार जाऊ शकेल असा एक प्रकाशपट्टा आहे, दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडचा. एकभित्ती नळी नेमका हाच प्रकाश शोषते आणि तापते. त्यांनी काचपात्रातल्या कर्कपेशींमध्ये नळ्या पोचवल्या, वरून तो प्रकाश टाकला, आणि पेशी मेल्या. नळ्या नसलेल्या पेशींना त्याच प्रकाशानं काही झालं नाही. 2008मध्ये याच गटानं पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीतलं नेहमीचं औषध नळ्यांवर चढवून उंदरांच्या गाठींवर वापरलं. नुसत्या औषधापेक्षा गाठीची वाढ जास्त रोखली गेली. या प्रयोगांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना कुणालाही उमेद वाटेल, आणि वाटावीच.

त्याच 2008 सालानं दुसरी बाजूही समोर आणली. एडिंबरोच्या केन डोनल्डसन यांच्या गटानं लांब, ताठ बहुभित्ती नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा तिथल्या अस्तराची प्रतिक्रिया ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखीच झाली. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. कारण समजायला सोपं आहे. शरीरात शिरलेला कण गिळून टाकणाऱ्या आपल्या भक्षक पेशी सुमारे 20 मायक्रोमीटर आकाराच्या असतात. तंतू त्याहून लांब असला, की पेशीला तो पूर्ण गिळता येत नाही आणि सोडताही येत नाही. ती पेशी दाहकारक द्रव्यं ओतत राहते. हा दाह वर्षानुवर्षं चालला, तर ॲस्बेस्टॉसच्या कामगारांना जे झालं ते होऊ शकतं. ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटानं 2014मध्ये ‘एमडब्ल्यूसीएनटी-7’ या एका विशिष्ट बहुभित्ती नळीला ‘माणसात कर्करोग करण्याची शक्यता’ असलेल्या 2बी गटात टाकलं. बाकीच्या नळ्यांबाबत वर्गवारी करण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्याआधी 2013मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं कारखान्यातल्या हवेत अशा नळ्यांची मर्यादा दर घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम इतकी कडक सुचवली होती. म्हणजे धोक्याची पहिली झळ रुग्णाला लागणार नाही, भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला आणि प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला लागेल. या भागातली मुलं उद्या अशा प्रयोगशाळांत काम करतील. म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि हवा ओढणाऱ्या कपाटाबद्दलची पानं कंटाळवाणी वाटली तरी वगळू नयेत.

सगळं चित्र काळं नाही. पिट्सबर्गच्या व्हॅलेरियन केगन आणि सहकाऱ्यांनी 2010मध्ये दाखवलं, की आपल्या पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर एकभित्ती नळ्यांचे तुकडे करू शकतं. उंदरांमध्ये आवरण जोडलेल्या नळ्या यकृतातून पित्तावाटे विष्ठेत जातात, असंही दिसलं आहे. पण ‘करू शकतं’ आणि ‘प्रत्येक रुग्णात, ठरावीक दिवसांत, पूर्णपणे करतं’ यांत मोठी दरी आहे. डॉक्सिल या औषधाशी तुलना केली की ती लक्षात येते. त्यात डॉक्सोरुबिसिन हे औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं, आणि अमेरिकेत त्याला 1995मध्येच मंजुरी मिळाली. पिशवी ज्या चरबीची, तसलीच चरबी आपल्या पेशींच्या पडद्यांत असते. काम झालं की ती विरघळते, शरीर तिचे तुकडे वापरून टाकतं. नळी तशी विरघळत नाही. भारतात जैवतंत्रज्ञान विभागानं 2019मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या आधारे कुणी नळीचं औषध घेऊन आलं, तर पहिला प्रश्न हाच असेल: काम झाल्यावर ही जाते कुठे?

देहाबाहेर मात्र हा प्रश्न उरतच नाही. नेहमीच्या एक्स-रे नळीत तार लालबुंद तापवून तिच्यातून इलेक्ट्रॉन काढावे लागतात. कार्बन नळीचं टोक इतकं अणकुचीदार असतं, की विजेचा दाब दिला की तापवल्याशिवायच तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ओटो झोऊ यांनी या तत्त्वावर एक्स-रे काढण्याचं काम केलं. ऑस्ट्रेलियातल्या मायक्रो-एक्स कंपनीनं त्यावर हलकं, ढकलत नेता येणारं यंत्र बनवलं, आणि 2020मध्ये त्याला अमेरिकेत वापराची परवानगी मिळाली. रुग्णाला खाटेवरून न हलवता छातीचा फोटो काढता येणं ही मोठी सोय आहे, विशेषतः जिथं एक्स-रेची खोली दुसऱ्या इमारतीत आणि स्ट्रेचर ओढायला नातेवाईक, अशी परिस्थिती असते तिथं.

तपासणीच्या क्षेत्रात तर नळीचा अंगभूत गुणच कामाला येतो. एकभित्ती नळीच्या काही जाती प्रकाश शोषून पुन्हा अवरक्त प्रकाश सोडतात. हे 2002मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठात दिसलं. नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असल्यामुळे शेजारी कोणता रेणू चिकटला यावर त्या प्रकाशाचा रंग आणि तेज बदलतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातल्या डॅनियल हेलर यांच्या गटानं वेगवेगळं आवरण दिलेल्या नळ्या रुग्णांच्या रक्तद्रवात ठेवल्या आणि त्यांच्या प्रकाशातले बदल संगणकाला शिकवले. 2022मध्ये त्यांनी जाहीर केलं, की बीजाशयाचा कर्करोग असलेल्या 100पैकी सुमारे 87 स्त्रिया या पद्धतीनं ओळखता येतात, आणि रोग नसलेल्या 100पैकी 98 जणींना ती बरोबर ‘नाही’ म्हणते. सध्याची सर्वोत्तम तपासणी तेवढ्याच नेमकेपणानं 84 जणी ओळखते. फरक फार मोठा नाही. पण ही सुरुवात आहे, आणि यात नळी परीक्षानळीतून बाहेर पडलीच नाही. एमआयटीत मायकेल स्ट्रानो यांनी जेलमध्ये बंद केलेल्या नळ्या उंदरांच्या कातडीखाली ठेवून नायट्रिक ऑक्साइड मोजला आणि ते संवेदक 400 दिवसांहून अधिक काळ चालले. मेंदूतले विद्युत्संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर नळ्यांचा थर दिला तर संकेत स्पष्ट येतात, हे 2008मध्ये उंदीर आणि माकडांवर दिसलं. हे प्रयोग देहाच्या उंबरठ्यावरचे. नळी आत आहे, पण बांधून ठेवलेली आहे, भटकत नाही.

तपासणी हे उपचाराच्या मानानं दुय्यम काम, असं ज्याला वाटत असेल त्यानं आपल्याच भागातला एक अभ्यास पाहावा. बार्शीला 1987मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते स्वतः जाऊन चौकशी करू लागले. रोगी दवाखान्यात येईल तेव्हा नोंद करू, असं म्हणत बसले नाहीत. या पायावर टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचं रुग्णालय, तिथले डॉ. बी. एम. नेने आणि वर उल्लेख आलेली ल्योंची तीच आंतरराष्ट्रीय संस्था यांनी 1999पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. गावांचे 52 समूह पाडून ते चार गटांत वाटले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. रंगास्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी न करता त्यांना केवळ माहिती दिली, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि तो वाद रास्त होता. धाराशिवच्या बायकांच्या त्या नमुन्यांवरून जगभरच्या धोरणांना दिशा मिळाली, हेही तितकंच खरं.

त्या अभ्यासात नवं औषध एकही नव्हतं. होता तो विषाणू ओळखणारा एक संच, गावात येणारी गाडी, स्त्री आरोग्यसेविका आणि दोष आढळलेल्या बाईला बार्शीपर्यंत नेण्याची सोय. मृत्यू घटले ते यातून. आता तो संच आणखी स्वस्त करता आला, वीज नसताना चालवता आला, थेंबभर रक्तावर किंवा स्वतः घेतलेल्या नमुन्यावर तासाभरात उत्तर देऊ लागला, तर काय होईल याचा विचार करावा. कार्बन नळीचं संवेदक म्हणून असलेलं सामर्थ्य नेमकं इथं उपयोगी आहे. तिला यकृत, फुप्फुस, पित्त यांची परीक्षा द्यावी लागणार नाही. तिला द्यावी लागेल ती साठवणुकीची, किमतीची आणि उन्हाळ्यातल्या 42 अंश तापमानात टिकण्याची. ही परीक्षा सोपी नाही, पण ती काही वर्षांत उत्तीर्ण होण्यासारखी आहे. देहातली परीक्षा एका पिढीची आहे.

म्हणून नॅनो-औषधांची बातमी वाचताना काही प्रश्न हाताशी ठेवावेत. प्रयोग काचपात्रात झाला, उंदरात झाला की माणसांत? नळी कोणत्या लांबीची, किती स्वच्छ, वर आवरण कशाचं? काम झाल्यावर तिचं काय झालं, आणि ते किती महिने पाहिलं? तुलना कशाशी केली, आज उपलब्ध असलेल्या उत्तम उपचाराशी की काहीच न करण्याशी? शेवटचा प्रश्न आपल्या भागाचा: ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात बसेल, की फक्त पुण्या-मुंबईत? ‘नीट’च्या पेपरात हे प्रश्न येणार नाहीत. डॉक्टर झाल्यावर मात्र रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवरची बातमी समोर धरतील, तेव्हा उत्तर याच प्रश्नांतून द्यावं लागेल. आणि फाईल घेऊन बार्शीला निघालेल्या वाचकाला थेट सांगायचं, तर नळीचं औषध येईल म्हणून चालू उपचार थांबवू नका. केमो, शस्त्रक्रिया, लाईट देणं, यांतलं डॉक्टरांनी जे ठरवलं असेल ते वेळेवर पुरं करा. घरातल्या तिशीपुढच्या बायकांना तपासणीसाठी सोबत घेऊन जा.

पुस्तकातली प्रकरणं सारख्या वेगानं जुनी होणार नाहीत. रचना आणि निर्मितीची प्रकरणं बराच काळ टिकतील. औषधवहनाच्या प्रकरणात दहा वर्षांनीही ‘उंदरांमध्ये’ हा शब्द वारंवार येत राहील, असा माझा अंदाज आहे. संवेदकांचं प्रकरण सगळ्यांत आधी कालबाह्य होईल. ते झालं, की दुसरी आवृत्ती काढताना मला सर्वांत जास्त आनंद त्याच प्रकरणावर काट मारताना होईल.

मुरुड, जि. लातूर